यात धूर आहे

आयुष्यभर कॉफी थुंकून मी पोट भरलं. लग्नकार्यात कुणी बाई शेजारी बसून "तुम्ही काय करत होता?" असं विचारते, तेव्हा मी हे मुद्दाम याच शब्दांत सांगते. मग ती जरा सरकून बसते आणि मला पंगतीत कोपर ठेवायला जागा होते.

निरगुडसरची मी. आमच्याकडे दारात आलेल्याला चहा विचारला नाही तर तो माणूस गावभर सांगत फिरतो. कॉफी फक्त दोन प्रसंगी व्हायची, कुणाला ताप आला की आणि मुंबईचे पाहुणे आले की. त्या घरातली मुलगी कॉफीची चव घेणारी कशी झाली, ही हकिगत मलाच कंटाळवाणी वाटते. नवऱ्याची बँकेतून कर्नाटकात बदली झाली, माझ्याकडे केमिस्ट्रीची पदवी पडून होती, आणि आम्ही राहायचो त्या गावात कॉफी साफ करायचा कारखाना होता. आधी बिया निवडणाऱ्या बायकांवर देखरेख केली, मग नाक बरं आहे असं वरच्यांच्या लक्षात आलं. झालं.

ज्यांना कॉफी म्हणजे बरणीतली भुकटी एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते. कॉफी म्हणजे बी. बोराएवढं लाल फळ, आत थोडा गोड गर आणि पोटाला पोट लावून बसलेल्या दोन बिया. ती बी वाळवायची, टरफल काढायचं, भाजायची, दळायची. मळेवाल्यांचा माल आमच्याकडे यायचा, यंत्रावर सोलला जायचा, चाळण्यांवर आकाराप्रमाणे वेगळा व्हायचा आणि प्रत्येक मालाचा मूठभर नमुना माझ्या टेबलावर यायचा. मी तो हलका भाजायचे, भरडायचे आणि पाच वाट्यांत घालून वर गरम पाणी ओतायचे. पाच वाट्या अशासाठी, की पोत्यात थोड्याच सडक्या बिया असल्या तरी एखाद्या वाटीत तोंड दाखवतात. वर भुकटीचा थर धरतो. तो चमच्यानं फोडायचा आणि नाक जवळजवळ वाटीत घालायचं. मग चमचाभर कॉफी भुर्रकन आवाज करून ओढायची, म्हणजे ती तोंडभर उडते, आणि घोळवून पिकदाणीत टाकायची. दिवसभर गिळत बसलं तर रात्री छताकडे बघत पडावं लागेल. बशीतून चहा पिताना आवाज करते म्हणून सासूबाई मला बोलायच्या. त्याच आवाजाचा सुनेला पगार मिळतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

गजरा बंद, पावडर बंद, कामाच्या दिवशी डब्यात कांदा बंद. खोलीत उदबत्ती लावणाऱ्या शिपायाला मी एकदा असं झापलं होतं, की तो दसऱ्यालाही माझ्या टेबलाला फूल वाहायला घाबरायचा. हे नखरे नव्हते. कॉफीची बी भारी चुगलखोर असते. तिच्या शेजारी मिरी ठेवा, ती मिरीचं सांगेल. रॉकेल ठेवा, रॉकेलचं सांगेल. आमच्याकडे एक बडे मळेवाले होते, चालताना जमीन आपल्यालाच धरून राहिली आहे अशा थाटात चालायचे. त्यांच्या मालाला एका वर्षी फिनेलचा वास आला. मी नापास केला. ते काठी आपटत आले आणि आजोबांपासूनची सगळी वंशावळ ऐकवली. मी एवढंच विचारलं, "माल वाळवता कुठे?" तर बंगल्याच्या व्हरांड्यात. "आणि व्हरांडा पुसता कशानं?" यावर ते काठी उचलून निघून गेले. पुढच्या वर्षी माल स्वच्छ आला, सोबत संत्र्यांची करंडी. म्हणाले, "गेल्या साली तुम्हाला सर्दी झाली होती. बरी झालेली दिसते." मी संत्री ठेवून घेतली.

आता या धंद्यातला सगळ्यात मोठा विनोद सांगते, कारण तो पुढे माझ्याच अंगावर आला. शिडाच्या जहाजांच्या काळात इथली कॉफी युरोपला जायला महिने लागायचे. समुद्राच्या दमट हवेनं बी फुगायची, पिवळी पडायची, चव बोदी व्हायची. म्हणजे माल खराब व्हायचा. तिकडच्या लोकांना तीच चव सवयीची झाली. पुढे वाफेची जहाजं आली, माल झटपट आणि धड पोचायला लागला, तर गिऱ्हाईक विचारायला लागलं, आमची नेहमीची कॉफी कुठे गेली? तेव्हापासून आपल्याकडे समुद्रकाठच्या वखारींत पावसाळ्यात बी पसरून ठेवतात आणि मुद्दाम फुगवतात. तिला मॉन्सून्ड असं नाव आहे आणि चढा भाव आहे. असे कितीतरी नमुने माझ्या हाताखालून गेले. मी पास केले. वखारीनं काम नीट केलं होतं, मी का नापास करू?

निवृत्तीनंतर आम्ही जुन्नरला घर घेतलं. नवरा दोन वर्षांत गेला. मला वाटलं, आता कॉफी आपल्या पाठीमागची गेली. कसली जाते. इकडे येऊन बघते तर पुण्याच्या पोरांना कॉफीचं वेड लागलेलं. पाकिटावर समुद्रसपाटीपासूनची उंची छापतात. उंचीचा उपयोग आहे, नाही असं नाही. थंड हवेत फळ सावकाश पिकतं, बी घट्ट होते, चवीला आंबटसर धार येते. पण उंची म्हणजे काही गुणपत्रिका नव्हे. उंचावरच्या झाडाची कच्ची फळं ओरबाडली आणि ताडपत्रीवर कुजवली, तर ती उंचावरची घाण होते. खाली लिहितात, जाईची फुलं, ब्लूबेरी, डार्क चॉकलेट. जन्मात ज्यानं ब्लूबेरी झाडावर पाहिली नाही त्याला ती कपात सापडते. त्याखाली शेतकऱ्याचा फोटो, सुरकुत्या नीट दिसतील असा. त्या शेतकऱ्यानं ती कॉफी कधी प्यायली आहे का, हे कुणी विचारत नाही.

अद्वैत हा त्यातलाच. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून त्यानं लेण्याद्रीच्या रस्त्यावर कॉफीचं दुकान टाकलं होतं. दाढी, कानात बाळी, आणि दर दोन वाक्यांमागे 'स्टोरी' हा शब्द. गिरिजात्मजाच्या दर्शनाला आलेली माणसं त्याच्या पाटीवरचे दर वाचून समोरच्या टपरीवर चहा प्यायची. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे शनिवार-रविवारी गाडीतून येणारी पुण्याची पोरं. मी बाजारातल्या एका दुकानदाराला "ही कॉफी नसून चिकोरीच्या मुळांची राख आहे" असं चारचौघांत सांगितलं होतं. ती बातमी अद्वैतपर्यंत गेली आणि तो माझ्या दारात उभा राहिला.

"मॅडम, आपल्या जुन्नरची कॉफी आहे. आपल्या डोंगरातली. तुम्ही फक्त एक लाइन द्या."

"जुन्नरला कॉफी होत नाही. हिरडा होतो."

"हिरड्याखालीच आहे, मॅडम."

मी त्याच्या जीपमध्ये बसले ते त्याला खोटं पाडायला. आपटाळ्याच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी एक वाडी आहे. तिथे ठकूबाई आणि तिचा नवरा दुंदा राहतात. घरामागच्या उतारावर हिरड्याची जुनी झाडं आणि त्यांच्या सावलीत खरंच कॉफीची झाडं उभी होती. उंच वाढलेली, कधी छाटणी न झालेली, पण निरोगी. पूर्वी कुणा संस्थेनं वाडीत घरोघर रोपं वाटली होती, फोटो काढले होते आणि मग ती संस्था दुसरीकडे दुसरी रोपं वाटायला गेली होती.

"समद्यांना दिली व्हती," ठकूबाई म्हणाली. माझ्याच वयाची असेल, आवाज खणखणीत. "समद्यांची गेली. आमची ऱ्हायली. फुलं येत्यात चैतात, पांढरी. लई वास सुटतो. म्हनलं ऱ्हाऊ द्या."

दुंदा उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होता. "फुलं खायाची का काय, पावणं? पावसाआदी जेसीबी येनार हाय वाडीत, खाचरं पाडायला. ह्या उताराला भात व्हईल. हिचं ह्ये जर कुनी नेत आसंल तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर मी काय थांबनार न्हाई."

असा मामला होता. अद्वैतनं माल नेला तर झाडं राहणार, नाही नेला तर जेसीबीखाली जाणार. ठकूबाई माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मला असं कुणी बघितलेलं आवडत नाही. कारखान्यात मळेवाल्याला खोलीबाहेर बसवायचो.

अद्वैतनं जीपमधून अख्खी प्रयोगशाळा उतरवली. लांब चोचीची किटली, वजनकाटा, दळायचं यंत्र. मी ठकूबाईच्या बिया कढईत भाजल्या, भरडल्या, पाणी ओतलं. थर धरला, तो फोडला आणि नाक खाली नेलं.

धूर. ओल्या लाकडाचा, काजळीचा, डोळ्यांत पाणी आणणारा. पाचही वाट्यांत तोच. त्याखाली बी कशी आहे, कडू आहे का गोड आहे, काही म्हणजे काही कळेना.

"ठेवता कुठे गं हे?"

तिनं बोटानं वर दाखवलं. स्वयंपाकघरात चुलीच्या बरोबर वर माळा होता, त्याची लाकडं धुरानं काळी कुळकुळीत झालेली. तिथे भाताचं बियाणं, नाचणीचं बियाणं, लसणाच्या जुड्या, आणि त्यांच्या मधोमध कॉफीची पोती.

"बियानंच हाय न्हवं ते?" ठकूबाई म्हणाली. "बियानं माळ्यावरच ठेवत्यात. धूर लागला म्हंजी किडा लागत न्हाई."

त्या घाटात पावसाळ्यात भिंतीसुद्धा घामेजतात. तिकडच्या बाया जे म्हणून पुढच्या साली हवं असतं ते चुलीवर चढवतात. खायचं धान्य खाली राहिलं तरी चालतं, बियाणं वरच जातं. बाईनं कॉफीला घरातली सगळ्यात मानाची जागा दिली होती आणि तिथेच तिची वाट लावली होती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारी अद्वैत डोळे मिटून बसलेला दिसला.

"मॅडम," तो म्हणाला, "यात जंगल आहे."

"यात काजळी आहे."

"नाही नाही, ही जागेची चव आहे. हे दुसरीकडे कुठे मिळणार?"

"कुठल्याही जळक्या स्वयंपाकघरात मिळेल. हा दोष आहे. आमच्याकडे असा माल आला असता तर मी फाटकाबाहेर ठेवला असता."

"तुमची लाइन सांगा ना, मॅडम. प्रामाणिक हवी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "लिही. यात धूर आहे. बाकी काही कळत नाही." त्यानं ते फोनवर टिपून घेतलं आणि माल घेऊन टाकला, सगळाच्या सगळा. मला वाटलं, दुधात मिसळून खपवेल. दुंदानं पोती जीपमध्ये टाकली आणि त्या साली जेसीबी शेजारच्या उतारावर गेला.

निघताना ठकूबाईनं मला अडवलं. "म्हंजी माजी खराब हाय?"

"तुझी बी चांगली असेल. धुरानं कळत नाही."

"मग त्यांनी कशी नेली?"

"त्यांना कळत नाही म्हणून."

ती हसली नाही. "मग चांगली कशी करत्यात त्ये मला सांगा," म्हणाली. वाटीत उरलेली कॉफी तिनं बोट बुडवून चाखली आणि वाटी विसळायला घेतली.

पाकीट दोन महिन्यांनी बघितलं. काळं, वर सोनेरी डोंगर. मधोमध मोठ्या अक्षरांत 'यात धूर आहे.' आणि खाली माझं नाव, पुढे 'ज्येष्ठ कॉफी-परीक्षक'. दुसरं वाक्य जागेअभावी गाळलं होतं म्हणे. मी तरातरा दुकानात गेले. तिथे एक मुलगी कप हातात धरून डोळे मिटून बसली होती. मला बघून म्हणाली, "आंटी, तुम्हीच का त्या? काय सुंदर लिहिलंय. मला आजीच्या गावची आठवण आली." चौकशी केली तर आजी डेक्कनला फ्लॅटमध्ये राहते आणि गॅसवर स्वयंपाक करते. कपाळावर हात मारून मी परत आले. माल पावसाळा संपायच्या आत संपला. आयुष्यात हजारो नमुन्यांवर मी खरं मत दिलं, त्यातलं एकही कुणी छापलं नाही. छापलं ते हे.

पण ठकूबाईनं माझं ऐकलं होतं. पुढच्या थंडीत मी एसटीनं चार-दोन वेळा वाडीवर गेले. फक्त लाल फळ तोडायचं, हे तिला एकदाच सांगावं लागलं. मोहात पडून पिवळी फळं तोडणारे शिकलेले मळेवाले मी पाहिले आहेत. शेणानं सारवलेल्या खळ्याऐवजी तिनं बाजेवर नायलॉनची जाळी ताणली आणि फळं त्यावर पातळ पसरली. दिवसातून अनेकदा हातानं फिरवायची, संध्याकाळी झाकायची. वाळली तशी उखळात हलक्या हातानं कांडून टरफलं काढली आणि बी पत्र्याच्या पेट्यांत भरून पडवीच्या पार टोकाला ठेवली, चुलीपासून लांब. दुंदा कुरकुरायचा, "बाजंवर कापी निजती आन मी भुईला." पण जाळी त्यानंच बांधून दिली होती.

त्या मालाची वाटी मी फोडली तेव्हा पडवीत दोघीच होतो, मी आणि ठकूबाई. पहिल्यांदा काहीच वाईट लागलं नाही, आणि माझ्या धंद्यात ही फार मोठी गोष्ट आहे. मग हळूहळू नवा गूळ लागला. मग संत्र्याची साल नखानं खरवडल्यावर येतो तसा वास. शेवटी तोंड स्वच्छ, कडूपणा चिकटून राहिला नाही. धार फार नव्हती, कारण आपले डोंगर काही एवढे उंच नाहीत, आणि ज्याला त्यांची उंची छापायची असेल त्यानं खुशाल छापावी. पण नीट, शहाणी, गोड कॉफी होती. जुन्नरच्या डोंगरात झालेली. मी थुंकायचं विसरले. गिळल्यावर लक्षात आलं आणि मग दुसरा घोट मुद्दाम गिळला. मला इतका आनंद झाला होता की मी ठकूबाईचा हात धरला. तिचा हात राठ होता आणि तिला माझं काय चाललंय ते कळेना.

"चांगली हाय?"

"चांगली आहे. फार चांगली आहे."

अद्वैत मार्चमध्ये आला. मी स्वतः वाट्या मांडल्या, स्वतः पाणी ओतलं. त्यानं घोट घेतला, परत घेतला, माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, धूर कुठंय?"

"घालवला."

"अहो पण कस्टमर धूर मागतात. ती आमची स्टोरी आहे. तुमचीच लाइन आहे."

मग मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण दिवाळी अंक घरात लहान मुलंही वाचतात. सार एवढंच, की खराब माल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला माल द्यायचा असतो, त्याच्या डोक्यावर मिरे वाटू द्यायचे नसतात. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. दाढीवाल्यांचा हा एक वाईट गुण आहे.

"मॅडम, मॉन्सून्ड कॉफी तुम्ही पास करायचात ना?"

मी वाट्या आवरायला घेतल्या.

"तो पण डिफेक्टच ना? जहाजात खराब झालेला माल. लोकांना आवडला म्हणून मुद्दाम करतात. मी वाचलंय."

"त्याला पद्धत आहे. वखारी आहेत. माणसं शिकलेली असतात."

"यांचा पण माळा आहे," तो म्हणाला. "स्वच्छ कॉफी मला कर्नाटकातून हवी तेवढी येते, मॅडम, खरंच. ती घ्यायला मी इथे घाटात कशाला येऊ? महिनाभर माळ्यावर ठेवा, सगळी नेतो. नाहीतर मला नाही जमणार."

जीप गेली. उंबऱ्यातून दुंदा म्हणाला, "मेच्या पयल्या आठवड्यात येनार हाय जेसीबी." एवढंच म्हणाला आणि बैल सोडायला गेला. तो काही दुष्ट माणूस नाही. त्याला भात खायचा आहे.

मी हार मानली नाही. त्याच पडवीत बसून कर्नाटकातल्या जुन्या ओळखीच्यांना फोन लावले. एकानं विचारलं, किती कंटेनर? मी सांगितलं, पत्र्याच्या पेट्या आहेत. तो इतका वेळ हसला की माझा रिचार्ज संपेल असं वाटलं. दुसरा भला होता. म्हणाला, "सुमनताई, एवढ्याशा मालाला गोष्ट लागते. नुसती चव चालत नाही." मी फोन ठेवला. सगळं आयुष्य नुसत्या चवीवर काढलेल्या बाईला हे ऐकवायला त्याला लाज वाटली नाही.

ठकूबाई चुलीपाशी होती. म्हणाली, "ताई, मला द्या बरं ती. मी तर पिलीच न्हाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाकिटावरच्या फोटोंना नावं ठेवत फिरणारी मी, वर्षभर हिच्या घरी येत होते आणि एकदाही हिला कप भरून दिला नव्हता. अद्वैत आणि मी चाखायचो तेव्हा ती आपला चहा घ्यायची. मी तिला ताजी कॉफी करून दिली. बिनसाखरेची, बिनदुधाची. तिनं ती बशीत ओतली आणि भुर्रकन ओढली. शिकवावं लागलं नाही.

"गेल्या सालची चाखली व्हती मी," ती म्हणाली. "कडू व्हती. पन आपली लागली."

"आणि ही?"

तिनं परत ओढली. बराच वेळ घोळवली.

"ह्यात काय लागतच न्हाई."

"नीट बघ. गूळ लागतो का? संत्र्याची साल?"

"त्ये लागतंय. ग्वाड हाय. पावन्याच्या घरची हाय." तिनं बशी खाली ठेवली. "ह्यात घर लागत न्हाई, ताई."

तिच्या भाताला धूर, दुधाला धूर, लुगड्याला धूर, चहाला धूर. निरगुडसरला आमच्या आईचं तापवलेलं दूधही असंच लागायचं आणि मी नाक मुरडून ते मांजराला घालायचे. ज्या वासाला मी पुढे आयुष्यभर दोष म्हणून शिक्के मारले, त्यावर ही बाई मोठी झाली होती. माझी कॉफी तिच्या दृष्टीनं अंघोळ घालून, पावडर लावून दुसऱ्याच्या घरी बसवलेली पोर होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तो दाढीवाला डोळे मिटून 'जागेची चव' म्हणून जे बरळला होता ते तेच होतं. त्याच्याशी सहमत व्हायची वेळ माझ्यावर यावी यापरता अपमान नाही.

तिनं मागचा-पुढचा विचार केला नाही. पडवीतल्या पेट्या आत ओढल्या, बी पोत्यांत भरली आणि शिडी लावून माळ्यावर चढली.

"ताई, हात लावा की. वर ऱ्हायली म्हंजी लागंल घर."

ती कॉफी मी दाणा दाणा बघितली होती. तिच्यात एक काळी बी नव्हती. मी एक एक पोतं उचलून वर दिलं आणि तिनं ते बियाण्याच्या शेजारी रचलं. खाली चुलीत तिनं ओलं लाकूड सारलं तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले, धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून. एक डबा तेवढा मी मागून घेतला होता. "न्या की," ती म्हणाली, "आमाला काय करायचाय." निरगुडसरला भावाला त्यातली करून दिली, तर त्यानं दोन चमचे साखर घातली आणि चहा नाही का म्हणून विचारलं.

अद्वैतनं महिन्यानं सगळा माल नेला. मेमध्ये जेसीबी आला आणि वाडीतले इतर उतार पाडून गेला. ठकूबाईचा उतार राहिला. मग अद्वैतचा फोन आला, यंदा पाकिटावर काय लिहायचं?

"माझं काही लिहू नकोस. ठकूबाईचं लिही. ती म्हणाली, यात घर लागतं."

"वा. वा मॅडम."

"तिचं आहे ते. तिचं नाव घाल."

"घालतो ना, फार्मर म्हणून फोटोच आहे त्यांचा."

पाकीट आलं. 'यात घर लागतं.' खाली माझं नाव, ज्येष्ठ कॉफी-परीक्षक. मागच्या बाजूला ठकूबाईचा फोटो, सुरकुत्या नीट दिसतील असा. मी फोन करून त्याला धारेवर धरलं. तो म्हणाला, मॅडम, लोक एक्स्पर्टचं ऐकतात, पुढच्या लॉटला बदलू. पुढचा लॉट म्हणजे पुढचं साल.

मी पाकीट घेऊन वाडीवर गेले. तिला सांगणार होते की हे तुझं वाक्य चोरलंय आणि चोरीत माझं नाव आहे. ती अंगणात भांडी घासत होती. "चष्मा आत हाय, वाचा तुमीच," म्हणाली. मी वाचून दाखवलं, खालच्या नावासकट. तिनं राखेचे हात थांबवले आणि समाधानानं मान हलवली.

"औंदा बराबर चव वळाकली तुमी," ठकूबाई म्हणाली.